चौघांच्या टीमला किती प्रोसेस पुरते?

तुमच्यापैकी अनेकांचा दिवस स्टँडअपने सुरू होत असेल. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, त्याचं प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो हे सगळं मोठ्या कंपनीत अंगवळणी पडतं. मग कधीतरी तिघंचौघं मिळून स्टार्टअप काढतात आणि सवयीने स्क्रमच उचलून आणतात. त्याआधी एक जुनं गणित बघूया.

१९६१ साली जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. मिसळीच्या दुकानात तासाला ६० गिऱ्हाईकं येत-जात असतील आणि आत सरासरी ३० माणसं असतील, तर प्रत्येकजण सरासरी अर्धा तास आत असतो. आतली माणसं भागिले येण्याचा वेग, बस्स. येणं-जाणं दीर्घकाळ सारख्याच वेगाने चालू असलं की झालं.

आता गिऱ्हाईकांऐवजी कामं घ्या. समजा, तुम्ही चौघं आठवड्याला सरासरी ३ कामं पूर्ण करता, पण सुरू करून ठेवलीत १२. म्हणजे हाती घेतलेलं काम वापरणाऱ्यापर्यंत पोचायला सरासरी ४ आठवडे. एका वेळी ४ च कामं उघडी ठेवली आणि वेग तोच राहिला, तर साधारण ९ दिवस. कोणी एक तासही जास्त बसलं नाही!

समजा, बँकेत ३६ आठवड्यांचे पैसे आहेत आणि पुढे काय बनवायचं हे आधीचं लोकांनी कसं वापरलं यावरून ठरतं. मग पहिल्या पद्धतीत ९ वेळा शिकता येईल, दुसऱ्या पद्धतीत २७ वेळा. अर्धवट कोड काहीच शिकवत नाही. (अर्धवट प्रयोगांचंही तेच, पण आम्हा संशोधकांचं अनुदान निदान काही वर्षं चालतं.)

म्हणून अशा टीमसाठी मी कानबान निवडेन. मूळ कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली, ताइइची ओनो यांची. सॉफ्टवेअरसाठी एक फळा आणि तीन रकाने पुरतात: करायचं, चालू, झालं. खरा नियम एकच. ‘चालू’मध्ये माणसांच्या संख्येपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. जागा नसेल तर नवीन काम घ्यायचं नाही, अडकलेल्या सहकाऱ्याला हात द्यायचा. ऐकायला सोपं, पाळायला महाकठीण! मोठं गिऱ्हाईक फोनवर ‘छोटासाच’ बदल मागतं. जरूर घ्या, पण बदल्यात एक चिठ्ठी मागे सरकवा.

स्क्रम वाईट नाही. चौघांत बोलणाऱ्या जोड्या ६ होतात, दहा जणांत ४५. तिथे ठरलेल्या बैठका उपयोगी पडतात. पण सकाळची तक्रार संध्याकाळी सोडवायची असेल, तर सोमवारी आखलेला स्प्रिंट बुधवारी मोडतो. आणि अर्धी टीम पुण्यात, अर्धी न्यू जर्सीत असेल, तर कोणाची तरी झोपमोड करणाऱ्या स्टँडअपपेक्षा नीट लिहिलेला फळा बरा.

बैठका कमी करा, टेस्ट नको. ऑटोमेटेड टेस्ट, एकमेकांचा कोड वाचणं, बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर लगेच परतण्याची सोय यांना कात्री लावली, की वर गृहीत धरलेला ‘तोच वेग’ राहत नाही. परत आलेले बग तो खाऊन टाकतात.

प्रत्येक चिठ्ठीवर काम सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख लिहा. महिन्याभरात तुमचे स्वतःचे आकडे हातात येतील, मग मर्यादा एकने कमी करून बघा.