अंगठा आधी

पवनीतल्या एका विणकराच्या घरी खड्डामाग बंद आहे. त्यावर बसणारे काका साठी ओलांडलेले. उजवं अंग गेल्याला काही महिने झाले. "लकवा मारला जी," एवढंच घरचे सांगतात. फिजिओथेरपिस्ट मुलगी खाटेवर त्यांच्या शेजारी बसली आहे आणि मी समोर बसून तिचे हात बघतो आहे.

काकांची उजवी मूठ घट्ट वळलेली. ती बोटं खेचत नाही. आधी मनगट किंचित आत वाकवते, म्हणजे बोटांचा ताण सैल होतो. मग अंगठा मुळापासून बाहेर काढते, त्यामागून एकेक बोट. उघडलेल्या तळव्यावर घाम असतो, नखांचे वण असतात. तळवा पुसून ती तो खाटेवर सपाट टेकवते, कोपर सरळ धरते. "आता या हातावर भार द्या जी, काका."

तेलाच्या मालिशीवर घरच्यांची भिस्त. कुणी कबुतराचं रक्त चोळायलाही सांगून गेलं होतं. पण बिघाड हातात नाहीच. स्नायू, हाडं, हातातल्या नसा शाबूत आहेत. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, तिथल्या पेशी मेल्या. तिथून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून फटका उजव्या अंगाला. आधी अंग सैल पडलं. पुढे वरचा आवर सुटल्याने ते आखडू लागलं. दाबायला दिलेला रबरी चेंडू या मुलीने सर्वांत आधी काढून घेतला, आणि मला ते पटलं. मूठ वळणं या हाताला येतंच, उघडणं येत नाही.

तिने चौकटीला दोरी बांधली आहे. धोट्याची दोरी याच हाताने जन्मभर ओढली. काका ओढतात, जमतं. "आता सोडा." इथे सगळं अडतं. खांदा कानाकडे चढतो, कोपर दुमडतं, धड झुकतं, बोटं दोरीला धरूनच. ती खांद्यावर हात ठेवून तो खाली आणते. "परत." मेंदूच्या शाबूत भागाने हे काम उचलावं यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा, मन लावून व्हावी लागते. मालिशीने ते होत नाही.

बोलणंही गेलं आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी असाच एक रुग्ण पाहिला होता: समजायचं, पण तोंडून एकच शब्द निघायचा. काकांना नातवाचं नाव सांगता येत नाही, मात्र तिच्याबरोबर एक ते दहा अंक खणखणीत म्हणतात. पाठ असलेलं बोलणं पुष्कळदा वाचतं.

त्या सकाळी तोंड वाकडं झालं तेव्हा 'पडून राहा, उतरेल' असं शेजारी म्हणाले आणि दिवस गेला. याची हळहळ मला अजून आहे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं. पवनीहून भंडारा किंवा नागपूर गाठायचं, तर १०८ ला लगेच फोन हवा.

काकांना वैनगंगेवर, वैजेश्वर घाटावर जायचं आहे. सध्या सराव उंबऱ्यावर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा. मुलगा बगलेत हात घालून उचलायला जातो, तेव्हा ती त्याला थांबवते: "खांदा निसटते दादा. लकव्याच्या बाजूला उभे राहा, कमरेला धरा."