गादी घेण्याआधी पलंगाच्या पट्ट्या मोजा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, प्रोसिडिंग लिहून झालं, हप्ते घेणं चाललं होतं. एक काकी पैसे पुढे सरकवत म्हणाल्या, "ताई, गादी गेली, हप्ते राहिले." सगळ्या हसल्या, मीपण हसले. नंतर चहा पिताना नीट विचारलं, तेव्हा कळलं की यात हसण्यासारखं काही नव्हतं.

काकींच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना जमिनीवरून उठता येत नाही. म्हणून घरच्या आकेशियाच्या लाकडाचा सहा बाय चारचा पलंग गावातल्या सुताराकडून करून घेतला. गटातून ८,००० रुपये अंतर्गत कर्ज काढून त्यावर फोमची गादी आणली. वर्षभराचे बारा हप्ते. चौथ्या महिन्यातच गादीत कमरेपाशी खड्डा पडला. सासूबाई त्यात रुततात, कूस बदलायला दोघांना धरावं लागतं. दुकानात विचारलं तर त्यांनी पलंगाचा फोटो मागवला आणि सांगितलं, "पट्ट्यांमधलं अंतर जास्त आहे, वॉरंटी मिळणार नाही." वॉरंटीच्या कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. घेताना मात्र कोणी बोललं नाही.

मी घरी जाऊन गादी उचलून पाहिली. सहा फुटांत फक्त नऊ पट्ट्या. दोन पट्ट्यांमध्ये माझा पंजा आडवा घातला तरी जागा उरत होती. टेप लावली तर साडेपाच इंच! गादीच्या खालच्या कापडावर पट्ट्यांचे वळ उठलेले आणि मधेमधे फोम फुगून खाली आलेला.

खरं सांगू? चूक एकट्या सुताराची नाही. त्याने लाकूड वाचवलं आणि पलंग मजबूतच केला. दुकानदाराने गादीची लांबी-रुंदी तेवढी विचारली. गादी विकणारा पलंग विचारत नाही, पलंग करणारा गादी विचारत नाही, आणि मधल्या फटीत आपले पैसे जातात.

फटीमुळे होतं काय, ते बघा. माणूस आडवा झाला की त्याचं वजन सगळीकडे सारखं पडत नाही. कंबर आणि खांदे यांच्यावर जास्त पडतं. तिथे गादीखाली पट्टी असेल तर वजन पट्टी घेते. तिथे मोकळी जागा असेल तर गादी त्या जागेत दाबली जाते. फोममध्ये हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. दाबलं की हवा जाते, सोडलं की परत येते. पण रोज रात्री एकाच जागी तेच मुडपत राहिलं की कप्प्यांच्या भिंती थकतात आणि फोम पुन्हा वर येत नाही.

काथ्याच्या गादीचं वेगळं आहे. ती नारळाच्या काथ्याला रबराचा चीक लावून, दाबून केलेली असते. कडक असते, म्हणून खाली काहीही चालेल असं आपल्याला वाटतं. उलट आहे. ती वाकत नाही, मोडते. तंतूंवरचं रबर एकदा सुटलं की तिथे कायमची घडी पडते. स्प्रिंगची गादी आपल्याकडे कमी, पण मुंबईहून कोणी आणली तर लक्षात ठेवा: ज्या गादीत प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, तिला अंतर आणखी कमी लागतं, नाहीतर स्प्रिंगा पट्ट्यांच्या मधे बसतात. कापसाच्या गादीत कापूस सरकून गोळे होतात, पण ती उसवून, पिंजून परत भरता येते. फोमची येत नाही. म्हणून जुन्या बायका कापसाच्या गादीला धरून बसतात त्यांना मी आता नावं ठेवत नाही!

तर अंतर किती हवं? फोम किंवा काथ्याच्या गादीला दोन ते अडीच इंच चांगलं. तीन इंचांच्या वर जाऊच नका. टेप नसेल तर आपला हात आहे. अंगठा सोडून चार बोटं जोडून आडवी धरा, ती साधारण पावणेतीन-तीन इंच भरतात. दोन पट्ट्यांमध्ये चार बोटं जेमतेम जात असतील तर ठीक. हात सैल फिरत असेल तर पट्टी कमी आहे. आणि हो, पट्ट्या अगदी चिकटवूनही ठेवू नका. गादीला खालून वारा लागतो तो त्या फटींतूनच.

सुताराशी बोलताना हिशोब पाठ असलेला बरा. सहा फूट म्हणजे ७२ इंच. पट्टी तीन इंच रुंद धरा. चौदा पट्ट्या घेतल्या तर ४२ इंच लाकूड झालं, उरले ३० इंच. चौदा पट्ट्यांमध्ये तेरा फटी येतात. ३० भागिले १३, म्हणजे सव्वादोन-अडीच इंचांच्या मधे. हे बसलं. काकींच्या पलंगात नऊ पट्ट्या, म्हणजे २७ इंच लाकूड, उरलेले ४५ इंच आठ फटींत वाटले गेले. फरक फक्त पाच पट्ट्यांचा!

पण नुसतं अंतर बघून भागत नाही, पट्टीची जाडीही बघावी लागते. पातळ पट्टी स्वतःच खाली झुकली तर फट लहान असून उपयोग काय? यात एक गंमत आहे, मलाही आधी माहीत नव्हती. पट्टीची लांबी दुप्पट झाली तर त्याच वजनाखाली ती दुप्पट नाही, आठपट वाकते. आणि जाडी दुप्पट केली तर वाकणं आठपट कमी होतं. म्हणून तीन फुटी पलंगाला पाऊण इंच जाडीची पट्टी चालून जाते, चार फुटीला एक इंच घ्या. पाच-सहा फूट रुंद डबल पलंग असेल तर पट्ट्यांच्या खालून मधोमध एक उभा बार आणि त्याला जमिनीला टेकणारा पाय हवाच. हा मधला पाय सुतार हमखास गाळतात. पट्टीत मोठी गाठ असेल तर ती परत करा, मोडते ती तिथेच. कडा रंध्याने गोल करून घ्या, नाहीतर कापड कापतं. आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना स्क्रूने पक्की करा. नुसत्या ठेवलेल्या पट्ट्या सरकतात, मग मोजून ठेवलेलं अंतर जागेवर राहत नाही.

बाजारातल्या लोखंडी कॉटचंही हेच. पट्ट्या लांब लांब असतील तर मधे आणखी पट्ट्या वेल्डिंग करून घ्या किंवा वर १२ मिलिमीटरचा प्लाय टाका. प्लायचं एक मात्र आहे. आपल्या कोकणात पावसाळ्यात अखंड प्लायवर गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते. त्याला वीत-वीत अंतरावर अर्ध्या-पाऊण इंचाची भोकं पाडून घ्या, आणि उघडीप मिळाली की गादी भिंतीला उभी करा. पुठ्ठा, पोतं, जुनी वाकळ खाली घालून फट बुजत नाही. ते गादीबरोबरच खाली जातं.

पलंग नीट केला की कंबरदुखी जाते, असं मी म्हणत नाही. दुखणं असेल तर उपकेंद्रात दाखवाच. आणि दुकानदाराने घेताना अट सांगितली नाही, आता दाद देत नाही, असं झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करता येतो. पावती आणि वॉरंटी कार्ड मात्र जपून ठेवलेलं हवं.

सीआरपी तायांना एक विनंती. गटात कोणी गादीसाठी कर्ज मागितलं तर मंजूर करताना एवढंच विचारा, "खाली पलंग कोणता? चार बोटं घालून बघितलीत का?"

काकींच्या घरी आकेशियाचं लाकूड उरलं होतं. सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन पाच पट्ट्या वाढवल्या, जुन्या सरकवून अंतर सारखं केलं. गादीतला खड्डा काही गेला नाही. डोक्याची बाजू पायाकडे फिरवली, त्यामुळे तो आता गुडघ्यांच्या जरा वर येतो आणि कमरेखाली न दबलेला भाग आला. सासूबाई एका हाताच्या आधाराने कूस बदलतात. हप्ते अजून सात आहेत.