सुधारलेल्यांची हद्दपारी

‘आधीं सुधारा, मग हक्क मागा,’ हा उपदेश दुर्बळांस करण्याची चाल सर्व देशांत आहे. आपल्या इकडेही सामाजिक सुधारणा आधीं कीं राजकीय आधीं, या वादांत एका पिढीच्या वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने खर्ची पडले. परंतु हा उपदेश ज्यांनीं अक्षरशः पाळला त्यांच्या पदरीं काय पडलें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं अमेरिकेच्या आरंभींच्या इतिहासांतील चेरोकी लोकांचें प्रकरण अवश्य पाहावें.

1803 सालीं फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख दीड कोट डॉलरांस विकत घेऊन या नव्या प्रजासत्ताकानें आपला विस्तार जवळजवळ दुप्पट केला. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारांस कोणीं विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच. पुढील तीसएक वर्षांत त्याच देशांत धर्मजागृतीची लाट उसळून मद्यपाननिषेध, स्त्रीशिक्षण, गुलामांची मुक्तता इत्यादि कामांसाठीं मंडळ्या निघाल्या. त्यांपैकीं 1810 सालीं स्थापन झालेलें अमेरिकन बोर्ड आमच्या वाचकांस अगदींच परकें नाहीं. गॉर्डन हॉल प्रभृति मिशनरी 1813 सालीं मुंबईस उतरले व पुढें अहमदनगरास फॅरारबाईंनीं मुलींस शिकविलें, तीं सर्व माणसें याच बोर्डानें पाठविलेलीं होतीं. चेरोकी मुलुखांतही बोर्डाचे शिक्षक गेले.

हे लोक जॉर्जिया व लगतच्या संस्थानांच्या डोंगराळ भागांत राहत. त्यांस रानटी म्हणण्याची सोय लवकरच राहिली नाहीं. सिक्वोया नांवाच्या गृहस्थानें, स्वतःस इंग्रजी वाचतां येत नसतां, 1821 च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं सुमारें 85 अक्षरांची लिपी सिद्ध केली. 1827 सालीं त्यांनीं लेखी राज्यघटना केली, आणि 21 फेब्रुवारी 1828 रोजीं न्यू एकोटा या त्यांच्या राजधानींतून ‘चेरोकी फीनिक्स’ हें पत्र दोन भाषांत निघूं लागलें. त्याचे खिळे बोस्टनास ओतविले होते. या सुधारणेस एक डागही होता. त्यांच्यांतील धनिक लोक निग्रो गुलाम बाळगीत, व त्यांच्या घटनेनें निग्रोंस मताचा अधिकार नाकारला होता. शेजाऱ्यांचें अनुकरण त्यांनीं जरा जास्तच निष्ठेनें केलें, एवढेंच म्हणावयाचें!

पत्राचे संपादक एलायस बूडिनॉट यांची गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. कनेक्टिकटमधील कॉर्नवॉल गांवीं बोर्डाच्याच शाळेंत ते शिकले. तेथील एका गोऱ्या मुलीशीं त्यांचा विवाह ठरतांच 1825 सालीं गांवकऱ्यांनीं त्या जोडप्याचे पुतळे जाळले, आणि पुढें शाळाही बंद पडली. शिकविण्यास तयार असलेलें गांव सोयरीक म्हणतांच बिथरलें. अशीं गांवें शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं.

1829 सालीं जॉर्जियांत सोनें सांपडलें. कापसासाठीं जमिनीची हांव होतीच. 1830 सालीं अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या पुरस्कारानें इंडियन लोकांस मिसिसिपीपलीकडे पाठविण्याचा कायदा झाला. प्रतिनिधिगृहांत 102 विरुद्ध 97 अशा निसटत्या मतांनीं. बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स यांनीं त्याविरुद्ध लेखमाला लिहिली, व कॅथरिन बीचर यांच्या हांकेवरून स्त्रियांनीं काँग्रेसकडे अर्ज धाडले. मताचा अधिकार नसलेल्या स्त्रियांची देशव्यापी अशी ही पहिलीच चळवळ होय. बोर्डाचे सॅम्युअल वुस्टर यांनीं जॉर्जियाशीं राजनिष्ठेची शपथ घेण्याचें नाकारलें, म्हणून त्यांस चार वर्षांची सक्तमजुरी झाली. 3 मार्च 1832 रोजीं सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनीं निकाल दिला कीं, चेरोकी मुलुखांत जॉर्जियाचा कायदा चालत नाहीं. जॉर्जियानें तो निकाल मानला नाहीं. वुस्टर तुरुंगांतच राहिले, आणि त्याच वर्षीं चेरोकींची शेतें व सोन्याच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांस वांटल्या गेल्या.

आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत खेदाचा प्रसंग यापुढचा आहे. दक्षिण कॅरोलिना व मध्यवर्ती सरकार यांच्यांत तंटा पेटला असतां बोर्डानेंच वुस्टर यांस दावा सोडून देण्याचा सल्ला दिला. राष्ट्राचें ऐक्य धोक्यांत येऊं नये, हें कारण. 1833 च्या जानेवारींत ते सुटले. जॅक्सन यांचा विरोध समजण्याजोगा होता. मित्रांनींच पाय मागें घेतल्यावर मात्र चेरोकींनीं कोणाकडे पाहावें?

बूडिनॉट यांचाही धीर सुटला. स्थलांतराची साधकबाधक चर्चा पत्रांत छापूं नये, असा चेरोकी सरकारचा हुकूम होतांच त्यांनीं 1832 सालीं संपादकत्व सोडलें, आणि 1835 च्या डिसेंबरांत मूठभर मंडळींबरोबर मुलूख देऊन टाकण्याच्या तहावर सही केली. त्याविरुद्ध मुख्य जॉन रॉस यांनीं पंधरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज नेला. सेनेटनें तह जरूर त्या दोन-तृतीयांश मतांस जेमतेम पुरेल अशा मतांनीं मंजूर केला! 1838 सालीं लष्करानें सुमारें सोळा हजार माणसें घरांतून बाहेर काढलीं. त्यांपैकीं अदमासें चार हजार छावण्यांत व वाटेंत दगावलीं. 1839 सालीं बूडिनॉट यांचा स्वजातीयांनींच वध केला.

‘फीनिक्स’चा छापखाना जॉर्जियाच्या शिपायांनीं 1835 सालींच उचलून नेला होता. वुस्टर यांनीं चेरोकींच्या आधींच पश्चिमेस जाऊन पार्क हिल येथें दुसरा उभारला; आणि 1844 सालीं टाहलेक्वा या नव्या राजधानींतून चेरोकी सरकारचें ‘चेरोकी ॲडव्होकेट’ हें पत्र, पुनः त्याच दोन भाषांत, निघूं लागलें.