वर एक, खाली एक

वैशाख उतरणीला लागला की कोकणात घराघरांतून एक वेगळीच लगबग सुरू होते. अंगणात आमसुले नि फणसपोळी वाळत असते, पडवीच्या कोपऱ्यात लाकूडफाटा रचला जात असतो, डाळी-मिरच्यांना शेवटचे ऊन दाखवून डबे भरले जात असतात. या सगळ्या तयारीला आमच्याकडे 'आगोट' म्हणतात, आणि ती मिरगाच्या आत पुरी झाली पाहिजे, असा दंडक आहे. या आगोटीतले सर्वांत खर्चिक, सर्वांत कटकटीचे आणि म्हणूनच दरवर्षी 'पुढल्या रविवारी बघू' असे म्हणत पुढे ढकलले जाणारे काम म्हणजे शाकारणी.

शहरात वाढलेल्या तरुण वाचकांना हा शब्द कदाचित नवा असेल. छपरावरचा पालापाचोळा काढायचा, कौले उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, खालच्या रिपा-वासे तपासायचे आणि पुन्हा सगळी कौले ओळीने नीट बसवायची, म्हणजे घर शाकारायचे. यात नवे काहीच उभे राहत नाही. खर्च होतो आणि घर दिसायला कालच्यासारखेच दिसते! म्हणूनच असेल, पण या कामाचे कौतुक कोणी करीत नाही. नव्या घराची वास्तुशांत होते, शाकारलेल्या घराची होत नाही.

मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. त्या सवयीने एकदा छपराचाही हिशेब मांडून पाहिला. किनारपट्टीच्या कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फूट जागा झाकणाऱ्या छपरावर, या हिशेबाने, एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी पडते. दहा हजार लिटरचे सत्तावीस-अठ्ठावीस टँकर कोणी आपल्या डोक्यावर ओतावेत आणि आपण खाली कोरडे बसून भजी खावीत, असा हा प्रकार आहे. यातला हजारावा हिस्सा जरी आत आला तरी तो पावणेतीनशे लिटर होतो. घराला तेवढा पुरतो.

कारण पाणी पडते तिथे थांबत नाही. ते वाशाच्या आत शिरते. ओल्या लाकडाला वाळवी लागते, वासा पोखरला की किंचित वाकतो, वाकला की त्याच्यावरची कौले सरकतात, आणि सरकलेल्या कौलांतून आणखी पाणी येते. कर्जाच्या थकबाकीवर व्याज चढते तसेच हे, चक्रवाढीने! पहिल्या वर्षी दोन कौलांचे काम असते, पाचव्या वर्षी आढे बदलण्याची भाषा सुरू होते.

आमच्या पूर्वजांच्या छपरांवर गवत-पेंढा असे, किंवा कुंभाराने चाकावर घडवलेले अर्धगोल नळे असत. एक उताणा, एक पालथा असे ते रचायचे. माकडाने उडी मारली, मांजर धावले, झाडाची फांदी घासली की नळे हलले. त्यामुळे शाकारणी दरसाल व्हायचीच, तिला पर्याय नव्हता. पुढे मंगलोरी कौले आली. १८६५ साली मंगळूरला नेत्रावतीच्या काठी बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने कौलांचा कारखाना काढला आणि तिथल्या नदीकाठच्या चिकणमातीची लाल, चपटी, एकमेकांत अडकणारी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने सर्वत्र पोहोचली. कौलाच्या पोटाला असलेली बोंडे रिपेवर अडकतात, कडेच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात. ना खिळा, ना चुना. एक कौल काढावे, दुसरे सरकवावे. यंत्रावर तयार होणारी ही वस्तू इतकी शहाणी निघाली की तिने शाकारणी जवळजवळ विसरायला लावली. 'मंगलोरी कौलांना काही बघावं लागत नाही,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. बघावे लागते. फक्त कमी वेळा.

आमचे घर दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी-पडवी, मध्ये माजघर, वर माळा. त्याची शाकारणी माझ्या समजत्या वयापासून वाडीतले आबा करीत आले. आबांनी शाळा फारशी पाहिली नाही, पण छप्पर त्यांना पुस्तकासारखे वाचता येई. कौल हातात घेऊन ते बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारत. खणखणीत आवाज आला तर ठेवायचे, बद्द आवाज आला तर टाकायचे, मग ते दिसायला कितीही धडधाकट असो. छपरावर चालताना त्यांचा पाय नेहमी खाली रीप असलेल्या ठिकाणीच पडे. ते मला म्हणत, "भाऊ, फुटलेलं कौल कोणालाबी दिसतं. गळतं ते सरकलेलं, आन् ते दिसत नाय."

मग ते शोधायचे कसे? तर त्याची एक रीत आहे, आणि मला आज जे सांगायचे आहे ते या रीतीत आहे. पाणी छपरात शिरते एका जागी आणि घरात पडते दुसऱ्याच जागी. वाशाच्या अंगाने ते चार-चार हात घसरत येते. वरच्या माणसाला वरून सगळी कौले सारखीच दिसतात. म्हणून दुसरा माणूस माळ्यावर अंधारात उभा राहतो. वाशावरचा ओला ओघळ तो उलटा, वरच्या दिशेने पाहत जातो. कुठे सुईएवढा उजेड दिसतो. तिथे तो काठीचे टोक लावून कौल खालून हलकेच ढोसतो. वरच्याला ते हललेले दिसते. "हे काय?" "त्याच्या उजवीकडचं." "हे?" "हां, तेच!" एवढा संवाद झाला की गळती सापडली. कौलारू छप्पर एकट्याने दुरुस्त होत नाही. वर एक लागतो आणि खाली एक लागतो.

आता कोकणातल्या कोणत्याही गावात फेरी मारून या आणि 'खालचा' माणूस कुठे आहे ते मला सांगा. घरे बंद आहेत. मालक मुंबईला, पुण्याला, नालासोपाऱ्याला. गणपतीला दार उघडते, शिमग्याला उघडते. एरवी आषाढातल्या रात्री कौल सरकले तर ते कळणार कोणाला? बरे, घर एकाचे असते तरी निभावले असते. उताऱ्यावर नावे सहा-सात. ज्याचा सातवा हिस्सा, त्याला सातवा हिस्सा गळतो असे तर होत नाही. पण खर्चाची वेळ आली की प्रत्येकाला वाटते, गळते आहे ते दुसऱ्याच्या खोलीत. माझ्या नोकरीत नव्या घरासाठी कर्ज मागणारी माणसे शेकड्यांनी माझ्या टेबलासमोर बसली. जुन्या छपरासाठी पैसे हवेत म्हणून आलेली माणसे मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. बांधण्यात प्रतिष्ठा आहे, राखण्यात नाही.

अशा राखण न झालेल्या छपरांची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. श्रीवर्धन-मुरूडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, फोन मुके झाले. देशात करोनाचे दिवस. मी पुण्यात अडकलेला. गावच्या घरात आमच्या चुलतवहिनी एकट्या. त्यांचा आवाज कानावर पडायला आठवडा लागला. "भाऊजी, घर आहे, पण वर आभाळ दिसतंय," एवढेच त्या म्हणाल्या. सहाशेच्या वर कौले गेली होती, आणि खरा मोसमी पाऊस अजून यायचाच होता. तो त्याच पंधरवड्यात आला. गावोगावी माणसे ताडपत्र्यांसाठी आणि पत्र्यांसाठी वणवण करीत होती. वहिनींनी तो पावसाळा एका खोलीत, भांडी, धान्य आणि देवासकट काढला.

वारा छप्पर कसे नेतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याला वाटते, वारा ढकलतो. छपराच्या बाबतीत तो मुख्यतः ओढतो. उतारावरून वेगाने वाहताना, विशेषतः आढ्यापाशी, वळचणीला आणि कोपऱ्यांवर, तो कौल वर उचलतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एका मंगलोरी कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले बसतात. म्हणजे छपराचे वजन झाले चौरस मीटरला सदतीस-अडतीस किलो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर तेवढ्याच जागेवर सुमारे १७ किलो भरतो. कौल जागचे हलत नाही. तोच वेग १२० झाला की जोर सत्तर किलोंच्या घरात जातो. मग नुसत्या वजनावर बसलेली कौले काय करणार? पक्ष्यांसारखी उडतात. आणि वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी राहिली असेल, तर आत शिरलेला वारा खालूनही छप्पर उचलू लागतो.

तरीही त्याच वाडीत काही छपरे शाबूत राहिली, ती दैवयोगाने नव्हे. त्यांच्या कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळींतली कौले तारेने रिपांना बांधलेली होती, वासे भिंतीवरच्या लाकडाला घट्ट जखडलेले होते, आणि घरावर झुकलेल्या फांद्या मे महिन्यातच उतरवलेल्या होत्या. खर्च म्हणाल तर थोडी तार नि दोन दिवसांची मजुरी.

आमच्या घरी मग सर्व हिस्सेदारांची बैठक झाली. बहुतेकांचे म्हणणे, कौले काढून सरळ पत्रा टाकावा. मी पत्र्याचा वैरी नाही. तो हलका असतो, झटपट बसतो, माकडे त्याला फोडू शकत नाहीत. रोज माकडांमागे दगड घेऊन धावणाऱ्या माणसाला कौलांच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार पुण्यात राहणाऱ्याला नाही. पण पत्र्यालाही राखण लागतेच. खारट हवेत तो स्क्रूच्या भोकापासून गंजतो, स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने चिरतो, आणि वाऱ्याने सुटलेला पत्रा गावभर तलवारीसारखा फिरतो. स्लॅबचे तरी काय? तडा जाऊन आतल्या सळीला गंज धरला की तीच गळती, आणि मग त्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड! बिनदेखभालीचे छप्पर अजून कोणी केलेले नाही.

शेवटी वहिनींनीच निकाल दिला. "राहणार मी. पडवीला पत्रा घाला, तिथे माकडं फार. माजघरावर कौलंच राहू देत, उन्हाळ्यात जीव निवतो." तसे केले. पैशाची व्यवस्था माझ्याकडे आली. बँकेतली जुनी युक्ती कामी आली: दर हिस्सेदाराने दरमहा ठरावीक रक्कम एका सामाईक खात्यात टाकायची, त्या खात्याला हात फक्त छपरासाठी लावायचा. रक्कम एवढी लहान ठेवली की नाही म्हणायची कोणाला लाज वाटावी. आणि दुसरा नियम पैशाहून अवघड: अक्षय तृतीयेनंतर चार दिवस, पाळीपाळीने, एका घरातल्या एकाने गावी जाऊन माळ्यावर काठी धरून उभे राहायचे. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. आमची आठ-दहा कौले हलली, तेवढीच.

राहता राहिला प्रश्न वर चढणाऱ्याचा. आबांची सत्तरी उलटली, गुडघे गेले. त्यांचा मुलगा विरारला रिक्षा चालवतो. वाडीतली दोन तरुण पोरे पत्रे बसवायची कामे घेतात; त्यांना कौले बसवता येत नव्हती. आता आबा माळ्यावर स्टूल टाकून बसतात, खालून काठी ढोसतात आणि वरच्या पोरांना शिव्या देत शिकवतात. पाय कुठे टाकायचा, टिचकी कशी ऐकायची, शेवाळ धरलेल्या कौलावर पावसात का चढायचे नाही. दोन पावसाळ्यांत एक जण बऱ्यापैकी तयार झाला. आता आसपासच्या तीन गावांतून त्याला बोलावणी येतात आणि त्याची मजुरी ऐकून आमचे हिस्सेदार दचकतात. मला मात्र ती योग्य वाटते. पडला तर मोडणारे हाड त्याचे आहे. म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचा विमा उतरायचा खर्चही आम्ही त्याच खात्यातून करतो.

गावी तुमचे असे एखादे घर असेल, तर मिरगाच्या आत एकदा जाऊन या. भर दुपारी माळ्यावर चढा, दारे लावून घ्या आणि अंधारात दोन मिनिटे उभे राहा. उजेडाचे कवडसे मोजा. वाशाला नखाने टोचून पाहा; भुसा पडला तर समजा काय ते. पन्हळीतला पाला काढा. शे-दीडशे जास्तीची कौले परसात रचून ठेवा, कारण जुन्या साच्याची कौले बाजारात मिळतीलच असे नाही, आणि वेगळ्या साच्याचे कौल शेजारच्या खाचेत बसत नाही. चढणारा माणूस चैत्रातच सांगून ठेवा. आणि तो वर गेला की तुम्ही ओटीवर चहा घेत बसू नका. काठी घ्या नि माळ्यावर जा. तो वरून "हे काय?" म्हणून विचारील, तेव्हा खालून उत्तर द्यायला कोणीतरी असले पाहिजे.