दिव्यांची एमसीबी वारंवार का पडते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उत्तर कोकणातला पाऊस चार महिने भिंतींत मुरत राहतो, आणि वसई-विरार परिसरातील चांदीपसारख्या गावात, घर जुने कौलारू असो वा नव्या स्लॅबचे, पावसाळ्याच्या मध्यास दिव्यांची एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच परिपथ तोडणारा लहान स्विच, वारंवार पडू लागली की तिच्याविषयीचे चार निवाडे तयारच असतात : एमसीबीच खराब झाली, तिची क्षमता अपुरी आहे, महावितरणचा वीजदाब बिघडला, किंवा भिंत ओली आहे, ती सुकली की सारे पूर्ववत होईल. या प्रत्येक निवाड्यात क्वचित सत्यांश असतोही. परंतु बहुधा ते तपासाआधीच दिलेले असतात. एमसीबी कधी, किती वेळाने आणि कोणते बटण दाबल्यावर पडते, हीच या प्रकरणातील पहिली साक्ष होय, आणि ती नोंदवून घेतल्याखेरीज कोणत्याही वस्तूस दोषी ठरवू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

एमसीबी दिव्यांचे व उपकरणांचे रक्षण करते, हा समज जवळजवळ सार्वत्रिक आहे. वस्तुतः ती रक्षण करते भिंतीत गाडलेल्या तारेचे. दिव्यांच्या परिपथास सामान्यतः ६ किंवा १० अँपियरची एमसीबी आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते. जुन्या घरांत हीच तार पुष्कळदा १ चौरस मिलिमीटरची निघते. घरगुती वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकाने दिवे, पंखे आणि लहान सॉकेट मिळून एका उपपरिपथावर १० पॉइंट व ८०० वॅट भार एवढीच मर्यादा घातलेली आहे. ही हद्द ओलांडली गेल्यामुळे एमसीबी पडू लागली म्हणून सहाच्या जागी सोळा किंवा वीस अँपियरची बसवणे हा उपाय जितका प्रचलित तितकाच घातक आहे. कारण तसे केल्याने पडणे थांबते खरे, पण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले तारेवरचे पीव्हीसीचे वेष्टन त्यानंतर कोणाच्याही नकळत तापत, मऊ होत आणि अखेरीस ठिसूळ होत जाते, आणि आगीच्या मार्गात उभा असलेला एकमेव पहारेकरी आपणच बडतर्फ केलेला असतो.

“दिवे तर सगळे एलईडी, मग भार वाढेलच कसा?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु दिव्यांच्या बोर्डावरच्या लहान सॉकेटला काय काय जोडले जाते, इकडे कोणी पाहत नाही. दीड हजार वॅटची पाणी तापवण्याची किटली २३० व्होल्टवर सुमारे साडेसहा अँपियर प्रवाह घेते आणि हजार वॅटची इस्त्री सुमारे ४.३ अँपियर. आता येथे एमसीबीचा एक गुणधर्म ध्यानात घेतला पाहिजे. तिच्या पोटात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात : दोन धातूंची एक पट्टी, जी तापून हळूहळू वाकते, आणि एक विद्युतचुंबकीय वेटोळे, जे मोठ्या प्रवाहास तत्क्षणी तोडते. एमसीबीच्या मानकानुसार नेमून दिलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीला ती तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाच्या मुदतीत पडलीच पाहिजे. म्हणून ६ अँपियरच्या एमसीबीवर किटली एकटी चालून जाते, पण किटली व इस्त्री एकाच वेळी चालू असताना, सुमारे अकरा अँपियर प्रवाहावर, ती काही वेळाने पडते. आणि “कधी पडते, कधी पडत नाही, म्हणजे एमसीबीच बिघडली” असा निष्कर्ष काढला जातो. ती बिघडलेली नसते. ती नेमून दिलेले काम चोख बजावत असते. अर्थात वेळाने पडण्यास दुसरेही कारण संभवते. एमसीबीच्या स्क्रूखाली तार सैल राहिली असेल, तर त्या सांध्यावर निर्माण होणारी उष्णता पट्टीस वाकवते. तेथील प्लॅस्टिक तपकिरी पडले असल्यास हाच प्रकार समजावा.

याउलट एखादे बटण दाबताच ती तत्काळ पडत असेल, तर संशय शॉर्टसर्किटवर, म्हणजे त्या बटणापुढच्या तारेवर, होल्डरवर किंवा सीलिंग रोझवर घ्यावा. त्यातही पडवीतल्या, अंगणातल्या आणि स्नानगृहातल्या उघड्या दिव्यांवर प्रथम. जुना तंतूचा बल्ब निकामी होताना तुटलेल्या तंतूच्या जागी क्षणमात्र ठिणगीचा झोत पेटतो आणि एमसीबी एकदाच पडते. अशा वेळी बल्ब बदलला की प्रकरण मिटते. एलईडींचे मात्र एक वैशिष्ट्य आहे. त्यांच्या आतील संधारित्र चालू होण्याच्या क्षणी मोठा प्रवाह ओढून घेते, त्यामुळे एकाच बटणावर पुष्कळ एलईडी असतील तर त्यांचा चालता भार नगण्य असूनही तीन ते पाच पटीला तोडणारी ‘बी’ जातीची एमसीबी पडू शकते. येथे तितक्याच अँपियरची, पण पाच ते दहा पटीला तोडणारी ‘सी’ जातीची एमसीबी योग्य ठरते. एमसीबी बदलणे न्याय्य असल्याचा हा एक विरळा दाखला होय.

पडलेली एमसीबी पुनःपुन्हा वर करून पाहण्याने काही बिघडत नाही, हाही भ्रमच. दोष कायम असता प्रत्येक वेळी आतील संपर्कबिंदू जळत जातात. दांडी बोटाने दाबून धरल्याने तर काहीच साधत नाही. दांडी वर असली तरी आतील यंत्रणा सुटतेच.

आणि आता सर्वांत गंभीर गैरसमज : एमसीबी आहे म्हणजे विजेचा धक्का बसला तरी ती पडेल आणि माणूस वाचेल. ६ अँपियरची एमसीबी माणसाच्या देहातून जाणाऱ्या प्रवाहाची दखलच घेत नाही. ते काम आरसीसीबीचे, जी ३० मिलिअँपियरच्या आत, म्हणजे सहा अँपियरच्या दोनशेव्या हिश्श्याएवढी गळती होताच पुरवठा तोडते. पावसाळ्यात जी पडते ती पुष्कळदा एमसीबी नसून हीच आरसीसीबी असते, आणि “भिंत सुकली की ठीक होईल” म्हणून तिला बाजूला सारून थेट जोडणी करणारे लोक आहेत, हे लिहितानाही मन अस्वस्थ होते. ओल गळतीची जागा दाखवते. ती सुकल्यावरही वेष्टनाची चीर तेथेच राहते. शिवाय घरातले बटण केवळ फेज तोडते, न्यूट्रल नव्हे. त्यामुळे सर्व बटणे बंद असतानाही न्यूट्रलची तार जमिनीशी भिडली असल्यास आरसीसीबी पडू शकते. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल दुसऱ्या परिपथाच्या न्यूट्रलशी जोडला गेला तरी हेच घडते.

वीजदाबातील चढउताराने एमसीबी सहसा पडत नाही. शेजाऱ्यांचेही दिवे मंदावत वा भगभगत असतील तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार जरूर करावी. पण मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि एकट्या आपल्याच घरी एमसीबी पडत असेल तर दोष बहुधा त्याच हद्दीत सापडतो.

तपासाची रीत साधी आहे. परिपथावरील सर्व बटणे बंद करावीत, सॉकेटमधील सर्व प्लग काढावेत आणि एमसीबी एकदाच वर करावी. ती टिकली तर एकेक बटण दाबत जावे. जेथे पडेल तेथे थांबून त्या दिव्याचे नाव कागदावर लिहावे. सर्व काही बंद असतानाही पडली तर दोष भिंतीतल्या तारेत किंवा बोर्डात आहे, कदाचित पडद्याच्या दांडीसाठी ठोकलेल्या खिळ्याखाली. तेथे गृहस्थाचे काम संपते आणि परवानाधारक वायरमनचे सुरू होते. त्याने मेन स्विच बंद करून, दिवे होल्डरमधून काढून, ५०० व्होल्टच्या मेगर या रोधमापकाने प्रत्येक तारेच्या वेष्टनाचा रोध मोजावा, असा आग्रह धरावा. तो १ मेगओहमहून कमी भरला तर एमसीबी नव्हे, तार बदलावी.