तार लावली, हलला नाही

प्लॅटिनमची तार स्पिरिटच्या दिव्यात लाल होते आणि क्षणात निवते. मग तिचं चपटं टोक जिवाणूंच्या चिकट थराला लावायचं आणि त्या चिकट्यावर एकेक कृमी अलगद उचलायचा. सी. एलेगन्स, जेमतेम एक मिलिमीटर लांब, काचेसारखा आरपार दिसणारा. माझे पहिले दोन अगरमध्येच रुतले. शेजारची संशोधक मुलगी तोवर पंचवीस उचलून मोकळी.

त्या अगरमध्ये अल्डिकार्ब हे कीटकनाशक मिसळलेलं, म्हणून हातमोजे. मज्जापेशीच्या टोकाशी असिटिलकोलीनने भरलेल्या इवल्या पिशव्या असतात. पेशी उद्दीपित झाली की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या पेशीच्या आवरणात मिसळून उघडतात, रसायन स्नायूवर सांडतं आणि तो आखडतो. एरवी एक विकर ते लगेच तोडून टाकतं. अल्डिकार्ब त्या विकरालाच अडवतं. रसायन साचतच जातं आणि कृमी लुळा न पडता ताठ होतो. ज्याच्या पेशी मुळातच कमी सांडतात, तो उशिरा ताठतो. विषात जास्त टिकला, म्हणजे बिघाड याच्यातच!

दर दहा मिनिटांनी तारेने टोचायचं, एकदा डोक्याशी, एकदा शेपटीशी. हलला नाही की वहीत एक रेघ. प्लेटवर नुसतं ‘अ’, ‘ब’. कोणती कुणाची ते मोजणाऱ्याला सांगत नाहीत. पण ‘ब’मधले पहिल्यापासूनच अवघडून सुस्त पडलेले. त्यांना ओळखायला चिठ्ठी कशाला हवी?

‘‘अंक-13,’’ ती म्हणाली. मला आकडाच वाटला. केंब्रिजमध्ये जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनरने धड चालता न येणारे कृमी वेगळे काढले, 1974 साली त्यांच्यावर लेख लिहिला. ‘अंक’ ही त्या ‘अनकोऑर्डिनेटेड’, म्हणजे ताळमेळ नसलेल्या, चालीची इंग्रजी खूण. ‘ब’मधल्यांसारखं अंक-13 या जनुकाचं प्रथिन नसेल तर भरलेल्या पिशव्या दाराशी येऊन थांबतात, उघडत नाहीत. सस्तन प्राण्यांतल्या त्याच्या भावंडांना नावही यावरूनच मिळालं: मंक-13.

दीड तासाने ‘अ’मधले बहुतेक ताठ. ‘ब’मधला एक मात्र टोचल्यावर कंटाळल्यासारखा किंचित वळला.

‘‘पण यांचे स्नायूच बधिर असतील तर?’’ मी विचारलं.

तिने दुसरी प्लेट पुढे सरकवली. त्यात लेव्हामिसोल, शेळ्यामेंढ्यांना देतात ते जंताचं औषध. ते मज्जापेशीला वगळून थेट स्नायूवर चालतं. तिथे ‘ब’वालेही ताठ पडले होते.