श्वानासाठी वर्गणी

आमच्या ओसरीवर आश्रयास आलेल्या कुत्र्यास गोचीडताप होऊन त्याचे रक्त आटले. त्यास परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावयाचे, म्हणून आम्ही राणीसावरगावात वर्गणी मागावयास निघालो. काही जण हसले. परंतु जून २०२४ मध्ये रतन टाटांसारख्या धनाढ्य गृहस्थांनीही, मुंबईच्या आपल्या पशुरुग्णालयातील अशाच एका रक्तक्षीण कुत्र्यासाठी, रक्त देणारा श्वान मिळावा म्हणून लोकांपुढे पदर पसरला होता. द्रव्य असूनही परक्याच्या दारी जावेच लागते. युधिष्ठिराने तर श्वानाकरिता स्वर्गाचा रथ नाकारला. आमचा कुत्रा रात्रभर सबंध आळीची दारे राखीत असे. मग त्याच्या औषधाचा भार एकाच घराने का वाहावा? हे ऐकून हसणाऱ्यांपैकी दोघांनी निमूटपणे पैसे आणून दिले.